पहिला परिच्छेद कापणाऱ्या बाई

बाईंबद्दल लिहायचं तर पहिल्या परिच्छेदात त्यांचं कौतुक करून काही उपयोग नाही. तो त्या वाचणारच नाहीत. पिशवीतून कात्री काढतील, पहिला परिच्छेद कापतील, कापलेला कागद माझ्या हातात देतील आणि म्हणतील, "हा घरी ने, देव्हाऱ्यात ठेव. आता मुद्द्यावर ये."

कात्री खरीच होती. कागद कापायची नाजूक नव्हे, शिंप्याकडे असते तसली, काळ्या मुठीची, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी. बाईंची आई त्यांच्या गावी, वैशाखऱ्यात, ब्लाउज शिवायची, तिची ती कात्री. बाई ती रुमालात गुंडाळून रोज मुरबाडला आणायच्या. अंगावर सुती साडी, पायात मुलांसारखे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कात्री. नवीन मुलांना वाटायचं, या बाई शिवणक्लासच्या आहेत आणि चुकून आमच्या वर्गात आल्यात.

आम्ही एम.ए.ला होतो. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असायचा. एक विषय घ्यायचा, गावात जाऊन माहिती गोळा करायची, तिच्यावर विचार करायचा आणि शंभरेक पानांचा प्रबंध लिहायचा. प्रबंध कसा लिहितात हे शिकवायला कॉलेजात कोणी तयार नसायचं. कायम नोकरीतले सर त्या तासाचं नाव काढलं की पाठ फिरवायचे, म्हणून ते काम बाईंच्या गळ्यात पडलं होतं. बाई तासिकेवर होत्या. तासिकेवर म्हणजे दर वर्षी जूनमध्ये पुन्हा बोलावणं येतं की नाही याची वाट बघायची आणि तोवर कोणाशी वाकडं घ्यायचं नाही. पहिली अट बाईंना लागू होती. दुसरी त्यांनी कधी वाचलीच नसावी.

आमच्यातला प्रत्येक जण प्रबंधाची सुरुवात "भारत हा कृषिप्रधान देश आहे" अशी करायचा. मीही केली. बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे देशाला माहीत नाही असं तुला वाटतं का?" मग कच्चकन कात्री. "हळदीला बॅन्जो पुढं असतो आणि नवरा मागं. पण नवरा येतो तरी. तुमच्या लिखाणात नुसता बॅन्जोच वाजतोय." वर्ग हसला. मी नाही हसले. मी ते वाक्य दोनदा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं.

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे एक प्रश्न: "कोण म्हणतं?" पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेला असायचा, एकेका पानावर पाच-सहा ठिकाणी. तुम्ही लिहा, "शहरीकरणामुळे माणसं स्वार्थी झाली आहेत." कोण म्हणतं? तुम्ही लिहा, "तानसा धरणामुळे परिसराचा सर्वांगीण विकास झाला." त्याच्यापुढं तर जास्तच लिहिलेलं होतं: "सर्वांगीण म्हणजे कोणकोणती अंगं? जाऊन बघ. कोणतं अंग राहिलं तेही लिही." ते वाक्य लिहिणारा तानशाकडचाच होता.

हा प्रश्न त्या वर्गातच ठेवत्या तर बरं झालं असतं. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, "प्राचार्य बदलणार आहेत म्हणे," की बाई डब्यातून मान वर करायच्या. "म्हणे म्हणजे कोण?" मग हळूहळू त्या आल्या की स्टाफरूममध्ये पंख्याचाच आवाज राहायला लागला. त्यांच्या लग्नाचंही असंच झालं असं मुलींत बोललं जायचं. स्थळाची माहिती लिहिलेला कागद आला, त्यात मुलगा ‘मनमिळाऊ’ लिहिलेला होता, बाईंनी शब्दाभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "पुरावा?" कागद परत गेला. हे खरं की खोटं हे त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर ठरलेलं होतं.

मुरबाडच्या नाक्यावर कायम कोणाचा तरी वाढदिवसाचा बोर्ड असतो. लोकप्रिय, कार्यसम्राट, भावी आमदार. एकदा बाई तिथं थांबल्या आणि आम्हाला बोर्ड नीट वाचायला लावला. "लोकप्रिय याला आधार नाही. कार्यसम्राट याला आधार नाही. भावी हा मात्र जपून घातलेला शब्द आहे. दावा करायचा तर असा करावा, उद्या कोणी खोटं पाडू शकत नाही." बोर्डाखाली त्या भावींचेच कार्यकर्ते चहा पीत उभे होते. आम्ही पाय उचलला. बाई मात्र सावकाश बुटाची नाडी बांधून मग आल्या.

आता संत्र्यांचं सांगते, कारण मुरबाडमध्ये बाईंचं नाव निघालं की लोक अजून तेच सांगतात. स्टँडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळायचे. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला प्रकल्प त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता, त्यातलं गावाचं आणि तालुक्याचं नाव तेवढं बदलून तो छापून द्यायचा. बहुतेकांचे विषय असे होते की पकडले गेले नसते. पण आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं विषयसुद्धा न वाचता प्रकल्प आणून दिला: मुरबाड तालुक्यातील संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या.

बाईंनी तो पूर्ण वाचला. ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला घेऊन एसटीत बसल्या आणि त्या पठ्ठ्याच्या गावी उतरल्या. गावात शिरताना त्याला म्हणाल्या, "चल, बागा दाखव." तो घामानं भिजला होता. त्याची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. इतकी पोरं बघून ती बिचारी गडबडली.

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "ताई, तुमच्याकडची संत्री कशी असतात?"

"संत्री?" ती म्हणाली. "संत्री मुरबाडच्या बाजारात भेटतात ना. पोराला ताप आला तं आनतू कवा कवा."

"ते लिही," बाई पोराला म्हणाल्या. "तुझ्या प्रबंधातलं पहिलं खरं वाक्य."

त्याच्या आईनं आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. त्या मुलानं पुढं भाताच्या खळ्यावर यंत्र आल्यावर गावातली माणसं एकमेकांकडे कामाला जायची कशी थांबली यावर प्रबंध केला आणि तो चांगला झाला. पण झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला, आणि त्याचा मेहुणा कॉलेजच्या ऑफिसात होता. बाईंवर पहिला राग तिथं धरला गेला.

त्यांचं शिकवणं तसं फार साधं होतं. दुसऱ्याचं वाचलेलं आपल्या लिखाणात घेतलं तर कोणाचं ते सांगायचं, हे नियम म्हणून आम्हाला कोणी शिकवलं असतं तर आम्ही पाठ करून विसरलो असतो. बाईंनी विचारलं, "लावणीला तुमचं आवण कमी पडलं तर काय करता?" आवण म्हणजे भाताची रोपं, आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. कोणी तरी म्हणालं, शेजारच्याकडून आणतो. "आणि कोणी विचारलं तर माझंच म्हणून सांगता?" नाही, असं कोण सांगेल, गाव हसेल. "मग पुस्तकातून आणलेल्याला का लाजता? सांगा की, अमक्याच्या शेतातलं आहे. त्याचं नाव सांगितल्यानं तुमचं खाचर लहान होत नाही." त्या दिवसापासून आमची संदर्भसूची बिनचूक व्हायला लागली.

आणि एक अट होती, जी विद्यापीठाच्या कुठल्याही नियमात नव्हती. ज्या गावाबद्दल लिहिलं त्या गावात बसून प्रबंध वाचून दाखवायचा. लोकांसमोर, मोठ्यानं. कोणाला काही खोटं वाटलं तर त्यानं तिथंच बोलायचं आणि त्याचं म्हणणं पानाखाली टीप म्हणून घालायचं. हे वाचन झाल्याशिवाय बाईंची सही नाही, आणि सही नाही तर प्रकल्प जमा होत नाही. शिवाय एक प्रत गावाला. इतर कॉलेजातली मुलं आम्हाला हसायची. म्हणायची, तुमच्या बाई तुम्हाला कीर्तनकार करणार.

मी डोळखांबच्या वरच्या अंगाची. खाली खाचरांत भात आणि वर डोंगरउतारावर नाचणी, वरई. त्या उताराच्या जमिनीला आम्ही वरकस म्हणतो. माझा प्रश्न होता, आमच्याकडची नाचणी कमी का झाली? उत्तर मी गावात जाण्याआधीच लिहून टाकलं होतं: पाऊस बदलला, तरुणांना कष्ट नकोत. बाईंनी समासात नेहमीचा प्रश्न लिहिला आणि मला घरोघर पाठवलं.

घरोघर गेले तर वेगळंच निघालं. लोकांनी नाचणी सोडली नव्हती, नाचणीखालची जमीनच गेली होती. वरकस विकून तिथं प्लॉट पडले होते, तारेची कुंपणं आली होती, गेटवर इंग्रजी नावं आणि आत हिरवळ. आणि गंमत म्हणजे नाचणीचं सगळं काम ज्या बायका करायच्या, रोपं लावण्यापासून कणसं कापण्यापर्यंत, त्यांना जमीन विकताना कोणी विचारलंच नव्हतं. एका घरातली बाई तर विळा घेऊन वर गेली तेव्हा तिला कुंपण दिसलं. तेव्हा तिला कळलं.

हे ऐकून मी पेटले. घरी येऊन एका बैठकीत तो परिच्छेद लिहिला. दलालांनी गावाला लुबाडलं, शेठ लोकांनी डोंगर गिळला, बायकांच्या तोंडचा घास काढला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे असं मला वाटलं. बाईंनी तो कापला नाही. पेन्सिल घेतली आणि एकेक शब्द खोडत गेल्या. ‘लुबाडलं’ गेलं. ‘गिळला’ गेला. ‘घास’ गेला. शेवटी जे उरलं ते तलाठ्यानं लिहिल्यासारखं होतं: अभ्यासलेल्या बहुतेक कुटुंबांत नाचणी बंद होण्याआधी वरकस जमीन विकली गेली. विक्री ठरवताना नाचणीचे काम करणाऱ्या स्त्रियांना विचारले नव्हते, असे त्या स्त्रियांनी सांगितले. व्यवहार गावातील मध्यस्थांमार्फत झाले.

"बाई, तुमी घाबरल्यात," मी म्हणाले. वर्गात शुद्ध बोलायची माझी खोड तेवढ्यापुरती सुटली.

"घाबरले असते तर परिच्छेद काढला असता. मी शब्द काढतेय." मग त्याही वैशाखऱ्याच्या झाल्या. "आइक. लुबाडलं लिवलंस ना, तं ते तुला इचारतील, सिद्ध कर. मग सगळी भांडणं त्या एका शब्दावर. जमीन राहिली बाजूला. इकली लिव. इकलीला त्यांच्याकडं उत्तर नाय."

मी चिडलेलीच होते. पण रात्रभर विचार करून मला ते पटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला पटायला बराच काळ लागला. आज मी शहापूरला एका संस्थेत अहवाल लिहायचं काम करते, आणि वरून कोणी सांगितलं की जरा जोरदार लिहा, तर मला बाईंची पेन्सिल आठवते आणि मी ठामपणे नाही म्हणते.

त्याहून अवघड गोष्ट पुढंच होती. प्रबंधात शेवटी ‘अभ्यासाच्या मर्यादा’ असा भाग असतो. सगळे तिथं वेळ कमी पडला असं लिहून मोकळे होतात. बाईंना तो भाग सगळ्यात प्रिय होता. "इथं माणूस कळतो," असं त्या म्हणायच्या. माझ्याकडून त्यांनी एक गोष्ट काढून घेतली होती. गावातल्या या व्यवहारांतले मध्यस्थ म्हणजे मुख्यतः माझे सख्खे काका. आमचं घर एक, चूल एक. प्लॉट पाडून विकणाऱ्या एका साहेबांसाठी काका गिऱ्हाइकं आणि जमिनी बघायचे. हेच साहेब आमच्या कॉलेजला जवळचे. नव्या हॉलची फरशी त्यांनीच दिलेली, दाराशी त्यांच्या नावाचा दगड आहे.

"हे मर्यादांमध्ये लिही," बाई म्हणाल्या. "संशोधिकेचे चुलते या व्यवहारांत मध्यस्थ होते."

"घरात राहायचंय मला, बाई."

"मग विषय बदल. अजून वेळ आहे, मी काही बोलणार नाही. पण हा विषय ठेवायचा आणि हे लपवायचं, असं नाही चालणार. उद्या एकानं जरी शोधून काढलं तर ज्या बायका तुझ्याशी बोलल्या, त्या सगळ्या खोट्या ठरतील. तुझ्यामुळं."

मी विषय बदलला नाही. वाक्य घातलं. ते घरी कसं कळलं ते मला आजही माहीत नाही, पण कळलं. काका संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं बोलायला लागले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "शिकवली ती यासाठी का? आपल्याच घरातली पोर आन् आपल्याच अंगावर? मी काय चोरी केलीय? लोकांनी इकली, मी गिऱ्हाइक आनला." बाबा गोठ्याशी बैलांना पेंढा घालत होते. आई भाकरी थापत राहिली. आमच्या घरात काकांसमोर कोणी बोलत नसे, आणि मी त्यांच्याच घरात बसून त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. घर फुटणार का, एवढंच मला कळत नव्हतं.

चार दिवसांत प्राचार्यांचा निरोप आला. बाईंना आणि मला. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कोणाचंच मन दुखवायचं नव्हतं.

"बाई, एक परिच्छेद आहे," ते म्हणाले. "आणि ते चुलत्यांचं एक वाक्य. एवढ्या मोठ्या प्रबंधात एक परिच्छेद गेला तर काय बिघडतं? मुलीचं वर्ष अडकेल. संस्थेला पण संबंध असतात. समजून घ्या."

"परिच्छेदात काय चूक आहे, सर?"

"चूक असं नाही."

"एखादा शब्द अपमानाचा आहे?"

प्राचार्यांनी कागद पुन्हा वाचला. खरंच शोधत होते. विकली, विचारले नव्हते, मध्यस्थांमार्फत. बोट ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की बाईंनी शब्द खोडून माझा परिच्छेद कोणापासून वाचवला होता.

बाईंनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून कात्री काढली आणि प्राचार्यांच्या टेबलावर काचेवर ठेवली. "मी पहिले परिच्छेद कापते, सर, सगळ्यांना माहीत आहे. हा तुम्ही कापा. फक्त कापलेल्या जागी लिहा, कोणी कापला आणि का कापला. खाली सही करा. मी तसाच जमा करते."

प्राचार्यांनी कात्रीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चहा घेणार का?"

"नको," बाई म्हणाल्या. "आज चहा गोड लागणार नाही." कात्री उचलून आम्ही बाहेर आलो. जिन्यात त्यांनी कात्री रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. "नोकरी जाणार ही," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "वाचन कधी ठेवतेस?"

वाचन शिमग्यानंतर ठेवलं, म्हणजे गावात माणसं असतात. मारुतीच्या देवळापुढं, दुपारी. बाई वैशाखऱ्याहून दोन गाड्या बदलून आल्या. मला वाटलं होतं दहा-बारा माणसं येतील, पण काकांनी इतका बोभाटा केला होता की सगळं गाव लोटलं. बायका एका बाजूला दाटीनं बसल्या. काका सगळ्यात पुढं, खुर्चीवर. बाबा मागं खांबाला टेकून उभे.

माणसांची नावं प्रबंधात घातलेली नव्हती. कोणाला त्रास होऊ नये म्हणून नावाऐवजी क्रमांक द्यायचा, हीही लिखाणाची रीत. कुटुंब क्रमांक एक, दोन, असं. मी वाचत गेले. शेतीची माहिती, पावसाची माहिती, लोक ऐकत होते, मधूनमधून माना हलवत होते. मग तो परिच्छेद आला. वाचला. पुढं वाचलं, "कुटुंब क्रमांक चारमधील स्त्रीने सांगितले की, ती कापणीसाठी वर गेली तेव्हा कुंपण पाहून तिला जमीन विकल्याचे समजले."

काका उठले. "बास. हे बंद करा. ह्यो कोन नंबर चार? नाव नाय, गाव नाय, कोनी पन काय पन बोलंल. असल्या बिननावाच्या बोलन्यावर तुमी मानसाची इज्जत काढता?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. बाईंनीच शिकवलेला असावा इतका. मी बाईंकडे बघितलं. त्या वहीत काकांचा आक्षेप टिपून घेत होत्या, टिपेसाठी.

तेवढ्यात बायकांतून यमुनाकाकू उठली. आमच्या घरापासून तिसरं घर. तिचा नवरा समोरच तंबाखू मळत बसला होता.

"नंबर चार मी हाय," ती म्हणाली. "इळा घेऊन मीच गेल्ते वर. माझं नाव घाल गो."

तिच्या नवऱ्याचा हात तळव्यावरच थांबला.

बाई उठून तिच्याजवळ गेल्या. "काकू, नाव एकदा छापलं की काढता येत नाही. लोक बोलतील. घरात बोलतील. आज नका सांगू. दोन दिवस विचार करा."

"इचार?" यमुनाकाकू म्हणाली. "जमीन इकताना मला कोनी दोन दिवस दिल्ते का इचार करायला? घाला नाव. मी काय खोटं बोल्ले का, इचारा ह्यांना." आणि तिनं नवऱ्याकडे हात केला. त्यानं मान खाली घातली, आणि ती मान सगळ्यांनी वाचली.

मग बायकांतून आणखी आवाज आले. मी दोन नंबर. सात नंबर आमच्या आत्याबाई, त्या आज न्हाईत पन त्यांचं पन घाला. काका वळून मागं बघायला लागले, आणि त्यांना आपला भाऊ दिसला. "सांग रे तुझ्या पोरीला," ते म्हणाले. "घर मोडंल ह्यानं. सांग तिला."

बाबा खांब सोडून पुढं आले. आयुष्यात काकांपुढं त्यांनी कधी शब्द काढला नव्हता. मला वाटलं, आता हे मला घरी चल म्हणणार आणि मी जाणार, कारण बापाला भर गावात नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

"घर मोडाचं ते मोडंल," बाबा म्हणाले. "तू वाच गो पुढं. चुलत्याचं वाक्य हाय ना, ते पन वाच."

मी वाचलं. काका उभ्या उभ्या ऐकून निघून गेले. त्या वर्षी आमची चूल वेगळी झाली. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाक्याचं वाटत नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं.

प्रबंध जमा झाला, बाईंच्या सहीनं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला बरे गुण दिले आणि परिच्छेदाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. जूनमध्ये बाईंना कॉलेजचं बोलावणं आलं नाही. तास कमी झालेत, असं सांगितलं गेलं. बाईंनी कारण लेखी मागितलं, ते अजून मिळालेलं नाही, आणि त्या अजून दर जूनमध्ये मागतात. कॉलेजच्या लायब्ररीत माझी प्रत सापडत नाही. शोधतो म्हणतात. मी विचारणं सोडलेलं नाही. बाई आता वैशाखऱ्याला घरच्या ओट्यावर बसतात आणि आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलं प्रबंध घेऊन त्यांच्याकडे येतात. पहिला परिच्छेद घरीच कापून आणतात, तर बाई दुसरा कापतात.

गेल्या दिवाळीत त्या आमच्या गावी आल्या होत्या. गावाची प्रत यमुनाकाकूकडे असते. देवळात ठेवायचं ठरलं होतं, पण काकूनं नेली आणि परत दिली नाही. काकूला वाचता येत नाही. आम्ही तिच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. खालून एक पांढरी गाडी आली, थांबली. काच खाली झाली. चष्मेवाला माणूस, शेजारी बायको, मागं लेकरं.

"मावशी, इकडे नवीन प्लॉट पडलेत ना? रस्ता कुठून?"

काकू उठली. आतून प्रत घेऊन आली. मधे सुतळीची खूण घातलेली होती, तिथं उघडून तिनं ती गाडीच्या खिडकीतून आत दिली. "आधी हे वाचा. मोठ्यानं. मग सांगते रस्ता."

माणूस गोंधळून हसला. बायको म्हणाली, वाच ना, काय होतंय. त्यानं वाचायला सुरुवात केली. आधी पाटी वाचल्यासारखं, घाईत. मग हळू. विळा, कुंपण, यमुनाबाई. परिच्छेद संपला तसा त्यानं प्रत मिटायला घेतली.

"थांबा," बाई ओट्यावरून म्हणाल्या. "खालची टीप राहिली."

त्यानं बारीक अक्षर वाचायला चष्मा वर केला. "माहिती देणाऱ्या या स्त्रीचे नाव तिच्याच आग्रहावरून दिले आहे. नाव छापल्याने काय होऊ शकते, याची तिला पूर्ण कल्पना होती." तो थांबला. गाडीचं इंजिन चालूच होतं. त्यानं काकूकडे बघून विचारलं, "यमुनाबाई कोण?"

"मी," काकू म्हणाली. "आता इचारा, कुठं जायचं होतं तुमाला."